पांढऱ्या रंगाचा ओघळ : दोन खुर्च्यांचं प्रकरण

या प्रकरणातल्या कुटुंबाच्या परवानगीने हे लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, माणसांचे काही तपशील बदलले आहेत. खुर्च्यांचे मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. मी जुन्या फर्निचरच्या जतनाचं काम करते. शिकले मुंबईत, गेली बारा वर्षं काम पॅरिसच्या आसपास.

पार्श्वभूमी

घरातल्या थोरल्या मुलीचा फोन आला तो चित्रासाठी. वडील सहा आठवड्यांपूर्वी गेले होते. पॅरिसच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात तीन खोल्यांचं घर, तिथे आता आई एकटी. वडील 1974 साली मुंबईहून संशोधनासाठी आले आणि इथलेच झाले. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक चित्र होतं : लाल, पिवळे, काळपट निळे तुकडे एकमेकांत अडकवल्यासारखे, कोपऱ्यात सर्ज पोलियाकॉफची सही. ‘बाबा म्हणायचे, हे मोठ्या माणसाचं आहे. ताई, तुम्ही एकदा बघून जाता का? नोतेरकडे सगळं द्यायचंय.’

नोतेर म्हणजे वारसाहक्काची कागदपत्रं करणारा इथला अधिकारी. फ्रान्समध्ये माणूस गेल्यावर सहा महिन्यांत वारशाचं विवरण द्यावं लागतं. घरातल्या सामानाची रीतसर यादी करून किंमत लावता येते, नाहीतर मालमत्तेच्या 5 टक्के धरून मोकळं होता येतं. चित्र खरं निघालं तर यादी करावी का, हा थोरलीचा प्रश्न होता.

पोलियाकॉफ खरोखरच मोठा माणूस. 1900 साली मॉस्कोत जन्मलेला, क्रांतीनंतर देश सोडलेला, पॅरिसच्या रशियन कॅबरेंमध्ये गिटार वाजवून पोट भरत चित्रं काढणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये अमूर्त चित्रकलेला बहर आला, त्यात पन्नाशी गाठल्यावर त्याचं नाव झालं. त्याच सुमारास, 1950 साली, आपल्या जे. जे.मध्ये शिकलेले सैयद हैदर रझा फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला पोचले होते. या घरातल्या वडिलांना रझांचं फार कौतुक. त्या वाटेने ते पोलियाकॉफपर्यंत आले असणार.

मी भिंग काढलं. खऱ्या लिथोग्राफमध्ये, म्हणजे चित्रकाराने दगडावर काढून त्यावरून छापलेल्या चित्रात, शाई दाणेदार पण सलग बसलेली दिसते. इथे रंगीत ठिपक्यांची बारीक फुलं दिसली, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोत दिसतात तशी. ऑफसेटवर काढलेली प्रत, सहीसुद्धा छापलेलीच. हे सांगायला पाच मिनिटं लागली आणि थोरलीचा चेहरा उतरला. काकूंचा, म्हणजे तिच्या आईचा, नाही. त्या चहा ठेवायला उठल्या. ‘बस ना बाळ,’ म्हणाल्या आणि टेबलाखालची एक खुर्ची माझ्याकडे ढकलली.

खुर्ची पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेली होती. मी बसले नाही. गुडघ्यावर टेकून खालून बघायला लागले.

मागचे पाय नळीचे नव्हते. दुमडलेल्या पत्र्याचे होते : बैठकीपाशी माशाच्या पोटासारखे रुंद, वर आणि खाली निमुळते होत गेलेले, बोटाने टिचकी मारली की पोकळ वाजणारे. पुढचे पाय साध्या गोल नळीचे. बैठक आणि पाठ बाकदार प्लायवुडची. टेबलापलीकडे तसलीच दुसरी.

‘या कुठून आणल्या?’

‘ह्या ना? वसतिगृहाच्या. ते जुनं सामान काढत होते, ह्यांनी दोघींचे मिळून तीस फ्रँक दिले. 1983 असेल.’

खुर्चीबद्दल थोडं

असले मागचे पाय म्हणजे फ्रेंच डिझायनर झाँ प्रूव्हेची खूण. प्रूव्हे (1901–1984) हा पूर्व फ्रान्समधल्या नान्सी शहराचा. वडील चित्रकार, पण याचं शिक्षण लोहारकामाचं. खुर्चीवर बसलेला माणूस मागे रेलतो. सगळा भार मागच्या पायांवर येतो, आणि तोही बैठक नि पाठ जुळतात तिथे. प्रूव्हेने पोलाद तिथेच जास्त दिलं, पत्रा दुमडून पोकळ पण रुंद पाय केला. पुढच्या पायांना काम कमी, म्हणून तिथे नुसती नळी. 1934 मधली ही कल्पना. पुढे तिला स्टँडर्ड खुर्ची म्हणू लागले. युद्धात पोलाद मिळेना तेव्हा तीच खुर्ची त्याने पूर्ण लाकडात केली. घर असो की खुर्ची, त्याला दोन्ही सारखीच : पत्रा वाकवायचा, भार कुठून खाली उतरतो ते बघायचं, जास्तीचं काही ठेवायचं नाही.

युद्धानंतर फ्रान्सला घरं, शाळा, वसतिगृहं झपाट्याने उभी करायची होती. 1947 पासून नान्सीजवळच्या माक्सेव्हीलला प्रूव्हेचा कारखाना चालू झाला. डिझायनर शार्लोत पेरियाँने 1952-53 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी नगरीतल्या मेक्सिको आणि ट्युनिशिया भवनांसाठी पुस्तकांची कपाटं आखली, त्यांचे पत्र्याचे भाग प्रूव्हेच्या कारखान्यात झाले, आणि रंग ठरवण्यात चित्रकार सोनिया दलोनेचा हात होता. चित्रकला आणि फर्निचर त्या पिढीला वेगळी वाटतच नव्हती. म्हणून या वस्तूंवरचा मूळ रंग हा नुसता गंज रोखणारा लेप नसतो. तो आराखड्याचा भाग असतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. ॲल्युमिनियम बनवणाऱ्या बड्या कंपनीने भांडवल घातलं, कारखान्यावरचा ताबा प्रूव्हेच्या हातून निसटला आणि 1953 मध्ये तो तिथून बाहेर पडला. खुर्च्या वसतिगृहांत, कचेऱ्यांत, शाळांत झिजत राहिल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांची किंमत भंगाराची होती. मग पॅरिसच्या काही दुकानदारांनी त्या गोळा करायला सुरुवात केली, 1990 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू कला केंद्रात प्रूव्हेचं मोठं प्रदर्शन झालं, आणि 2007 मध्ये त्याने आफ्रिकेसाठी केलेलं पत्र्याचं एक घर न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ 50 लाख डॉलरला गेलं. आज चांगली स्टँडर्ड खुर्ची हजारो युरोंना जाते. साहजिकच नकलाही निघतात.

अडचण

या खुर्च्यांवर बहुतेक वेळा शिक्का नसतो. काकूंकडे पावती नव्हती. बांधणी, पत्र्याच्या कडा, वेल्डिंग, प्लायवुडची जाडी हे सगळं बरोबर वाटत होतं, पण बरोबर वाटणं हा पुरावा नाही. त्यात एका खुर्चीच्या बैठकीचे स्क्रू वेगळे होते. पहिलीचे सपाट खाचेचे. दुसरीचे फुलीचे, आणि फुलीच्या मधे आणखी बारीक चार रेघा असलेले. ही खाच 1960 च्या दशकातली. म्हणजे ती बैठक कधीतरी नंतर काढलेली, कदाचित बदललेली.

खऱ्या अर्थाने अडचण होती ती पांढऱ्या रंगाची. दोन्ही खुर्च्या ब्रशने रंगवलेल्या होत्या आणि रंगवणाऱ्याचा हात काही तयार नव्हता. पहिलीच्या मागच्या डाव्या पायावर रंग ओघळून वाळला होता : बोटभर खाली आलेला आणि शेवटी डावीकडे वळलेला, ऱ्हस्व उकारासारखा. ‘लहानपणी मी तो नखाने टोकरायचे,’ थोरली म्हणाली. दुसरीचा रंग पायाशी सुटला होता, खाली गंज दिसत होता, आणि बैठकीच्या प्लायवुडवर तेलाचं काळपट वर्तुळ.

थोरलीचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. तो शनिवारी आला तो जुन्या फर्निचरच्या एका दुकानदाराचा ईमेल घेऊनच. फोटो पाठवून त्याने विचारलं होतं. उत्तर असं होतं की पांढरा रंग हे नुकसान समजावं, खाली कारखान्याचा रंग असेल तर तो बाहेर काढावा, लाल निघाला तर उत्तमच. धाकट्याला दोन्ही विकायच्या होत्या, आणि लवकर. त्याचा मुद्दा बिनतोड होता : मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत जाहीर लिलावात वस्तू विकली तर वारशाच्या हिशेबात तीच किंमत धरतात, अंदाजावरून वाद राहत नाही. थोरलीला एक तरी ठेवायची होती. काकू म्हणाल्या, ‘मला बसायला दोन लागतात.’

कोणते पर्याय होते

त्या शनिवारी टेबलावर चार पर्याय मांडले. सगळा रंग उतरवून कारखान्याचा थर दाखवायचा. आहे तशा विकायच्या. नुसत्या पुसून घरात ठेवायच्या. किंवा एखाद्या संग्रहालयाला द्यायच्या. शेवटचा लगेच बाजूला पडला : नान्सीच्या संग्रहालयात प्रूव्हेचं भरपूर आहे, आणि कागद नसलेल्या दोन रंगवलेल्या खुर्च्यांसाठी कोणी महिनोन् महिने फाइल चालवली नसती.

मी म्हटलं, आधी खाली काय आहे ते बघू. इथपर्यंत ठीक होतं.

पहिलीच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, दोन सेंटिमीटर लांब आणि एक रुंद अशी खिडकी उघडली. खिडकी म्हणजे रंगाचे थर पायऱ्यांसारखे एकेक करून उघडे करायचे, स्काल्पेलने, भिंगाखाली. पांढऱ्याचे दोन हात. त्याखाली करडा-हिरवा, शाळांच्या भिंतींना खालून अर्ध्यापर्यंत असतो तसला, हा वसतिगृहाचा. आणि त्याखाली पातळ, कडक, एकसारखा बसलेला गडद लाल. लालखाली थेट पोलाद.

धाकट्याने फोनवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे त्या दुकानदाराला पाठवला. इतका छोटा लाल ठिपका, पण खोलीतलं वातावरण बदललं. मीही त्यातून सुटले नाही. त्या चौकोनाकडे बघताना मला पूर्ण लाल खुर्ची दिसायला लागली होती.

काय केलं

ठरलं असं : दोन्ही खुर्च्या माझ्या वर्कशॉपमध्ये न्यायच्या. आधी दुसरी करायची, कारण तिची अवस्था वाईट, गंज थांबवणं तसंही भाग होतं. ती बघून पहिलीचं ठरवायचं. मला हे सावध पाऊल वाटलं होतं. दुसरीला मी वेगळी खिडकी उघडली नाही. दोन्ही एकाच ठिकाणच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच हाताने रंगवलेल्या. आतले थरही तेच असणार असं धरून चालले.

सोमवारी मागच्या दोन पायांवर रंग काढायचं जेल लावलं, तासाभराने लाकडी पट्टीने पांढरा उतरवला. मऊ लोण्यासारखा निघून आला. करडा-हिरवा जरा चिवट होता. संध्याकाळी तोही निघाला, आणि खालून लाल आला नाही. भगवा आला.

शिसं ओळखायच्या चाचणीची काडी फिरवली, तिचं टोक गुलाबी-लाल झालं. मिनियम. गंज येऊ नये म्हणून लोखंडाला पूर्वी सर्रास लावायचे तो शिशाचा प्रायमर. त्याच्या कडेला एका ठिकाणी पोलाद उघडं पडलं होतं आणि त्यावर घासल्याचे आडवे चरे. म्हणजे वसतिगृहाच्या कोण्या कामसू रंगाऱ्याने ही खुर्ची आधी पत्र्यापर्यंत घासली होती, मिनियम मारला होता, वर करडा-हिरवा. पहिलीवर त्याने नुसताच वरून हात फिरवला. कदाचित तिला गंज नव्हता, कदाचित तोवर जेवणाची सुट्टी झाली. कारखान्याचा रंग दुसरीवर पन्नासेक वर्षांपासून नव्हताच. मी पांढरा काढून मिळवलं काहीच नव्हतं.

मंगळवारी काकू आणि थोरली आल्या. थोरलीला वडिलांचा एक चांगला फोटो मोठा करून घ्यायचा होता, म्हणून बरोबर जुना अल्बम होता. काकू दारातच थबकल्या.

‘अगंबाई, हिला शेंदूर कोणी फासला?’

मी सांगितलं, काकू, तो शेंदूरच आहे. अगदी शब्दशः. गावाकडे मारुतीला जो फासतात तेही शिशाचंच ऑक्साइड, आणि हा प्रायमरही तोच. त्यांना गंमत वाटली. जवळ येऊन, हात न लावता, वाकून बघितलं. मग म्हणाल्या, ‘वणीच्या देवीचं कवच काढलं ना परवा, तेव्हा आतून जुनं रूप निघालं. मी पाहिलं फोनवर. इथे काय निघालं?’

‘पत्रा,’ मी म्हटलं.

सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच 2022 मध्ये काढलं होतं. पॅरिसजवळच्या गॅरेजात त्या बातमीने माझी अशी परीक्षा घेतली जाईल असं वाटलं नव्हतं.

अल्बम त्या दुपारी सहज चाळला. एका पानावर गणपती. छोटी पितळी मूर्ती, पाठीमागे क्रेपच्या कागदाची आरास, शेजारी निरांजन, आणि हे सगळं एका पांढऱ्या खुर्चीच्या बैठकीवर. चौरंग नव्हता म्हणून खुर्ची. बाजूला जोडीच्या खुर्चीची पाठ पकडून उभी असलेली आठ वर्षांची थोरली. फोटोच्या मागे काकूंच्या अक्षरात : गणपती, 1986.

थोरलीने धरलेल्या खुर्चीचा मागचा डावा पाय फोटोत पूर्ण आला होता. भिंग लावलं. ओघळ होता. खाली येऊन डावीकडे वळलेला. म्हणजे ही आमची पहिली.

इथे मला खाली बसावंसं वाटलं. प्रूव्हेच्या खुर्चीची नक्कल करावी इतका पैसा 1986 मध्ये त्यात नव्हता. त्या वर्षी ही खुर्ची एका घरात होती, आणि ही तीच, हे ठामपणे सांगणारी जगात एकच गोष्ट होती : बाबांच्या बिनसफाईच्या हाताचा तो ओघळ. आम्ही ज्याला नुकसान म्हणत होतो तोच कागद होता. दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे पहिली आधी केली असती तर तो पुसून टाकून मी लाल, सुंदर आणि बिनकागदाची खुर्ची हातात दिली असती.

दुसरीचं तसं झालंच होतं, निदान पायांपुरतं. तिचा फोटोशी जोडणारा दुवा आता एकच उरला, बैठकीवरचं तेलाचं वर्तुळ. फोटोत निरांजन जिथे ठेवलंय तिथेच ते आहे. प्लायवुडच्या रेषांवरून जागा जुळवता आली. स्क्रूंचा उलगडाही त्याच बैठकीत झाला. ‘ते ह्यांनी बदलले,’ काकू म्हणाल्या. ‘बैठक हलायची. बेआशव्हेच्या तळघरातून आणले होते. स्क्रू आणायला म्हणून गेले आणि दिवाही घेऊन आले.’ बेआशव्हे म्हणजे पॅरिसच्या नगरपालिकेसमोरचं मोठं दुकान. त्याच्या तळघरात हत्यारांचा आणि खिळ्या-स्क्रूंचा बाजार असायचा. प्लायवुडचे थर मोजले, जाडी मोजली, पहिलीशी जुळली. बैठक मूळची, स्क्रू घरचे.

पुन्हा निर्णय

बुधवारी चौघं फोनवर. धाकट्याचं म्हणणं अजून तेच : पहिलीवर लाल आहे हे माहीत आहे, तर काढून टाका, फोटो आहेच, ओघळाचा जवळून फोटो घेऊन ठेवू, तो पुरावा म्हणून पुरेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कागदपत्र म्हणून ते चाललंही असतं. पण मग विकत घेणाऱ्याला माझ्या शब्दावर आणि माझ्या फोटोवर विश्वास ठेवावा लागला असता. ओघळ खुर्चीवर असला की कोणीही भिंग घेऊन 1986 चा फोटो आणि पाय शेजारी धरू शकतो, माझी गरजच नाही. शिवाय लाल थर पांढऱ्याखाली सुरक्षित होता. उद्या कोणाला काढायचाच असेल तर तेव्हाही काढता येईल. काढलेला पांढरा मात्र परत आणता येत नाही. धाकटा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे बाबांनी रंगवली म्हणून ती खरी?’ साधारण तसंच, मी म्हटलं.

दुसरीबद्दल काकूंनी सोपा उपाय सुचवला : परत पांढरी कर. नाही म्हणणं जड गेलं. पण मी लावलेला पांढरा हा माझा पांढरा असता, आणि वीस वर्षांनी कोणी तो बाबांचा समजला असता. दुकानदाराने तिच्यासाठी लाल सुचवला होता, कारखान्यासारखा. तोही नाही. उरलं ते उरू द्यायचं ठरवलं : मागचे पाय शेंदरी आणि पोलादी, पुढचे पांढरे. दिसायला विचित्र. मुलंबाळं घरात येतात आणि शिशाच्या रंगाला हात लागणं बरं नव्हे, म्हणून उघड्या भागावर पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचे दोन हात दिले, लागलं तर सॉल्व्हंटने पुन्हा काढता येईल असं. तेलाच्या वर्तुळाला हात लावला नाही.

पहिलीवर काम जवळजवळ शून्य. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसली, सुटू पाहणारे दोन पापुद्रे चिकटवले, उघडलेली खिडकी तशीच ठेवली. घेणाऱ्याला खाली काय आहे ते दिसावं.

काय झालं

पहिली लिलावात गेली. यादीत अवस्था स्पष्ट लिहिली होती : वसतिगृहाचा रंग, वर घरगुती रंग, आतल्या बाजूला खिडकी, मूळ लाल थर शाबूत. शेजारी 1986 चा फोटो, थोरलीचा चेहरा कापून. लिलावघराच्या तज्ज्ञाने पहिल्या भेटीत नाक मुरडलं होतं. फोटो आणि पाय शेजारी धरल्यावर त्याने स्वतःहून वर्णनातली ‘प्रूव्हेची मानली जाणारी’ ही शेपटी काढून टाकली. माझ्या दृष्टीने तो या प्रकरणातला सगळ्यात मोठा निकाल, कारण त्या तीन शब्दांनी किंमत अर्ध्यावर येते.

आकडा द्यायचा नाही अशी कुटुंबाची अट आहे. तज्ज्ञाने दिलेल्या अंदाजाच्या आतच गेली. दुकानदाराने लाल खुर्चीचा जो आकडा धाकट्याच्या डोक्यात भरवला होता त्याहून कमी. धाकट्याने तसं बोलून दाखवलं, आणि पैसे दोघांत नि आईत वाटून घेतले. काकूंची एकच सूचना होती : ‘घेणाऱ्याला सांगा, तो ओघळ ह्यांचा आहे.’ ती लिलावघरामार्फत कळवली. पोचली का माहीत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

दुसऱ्या खुर्चीला तिची स्वतःची खिडकी उघडायला मला वीस मिनिटं लागली असती. शेंदूर तिथेच दिसला असता आणि मी थांबले असते. एकाच लॉटमधल्या दोन वस्तू म्हणजे एक वस्तू नव्हे, हे मी शिकाऊ मुलांना सांगत आले आहे. तरी केलं.

अल्बम आधी मागायला हवा होता. चित्राबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुठून घेतलं, कधी, कागद आहे का. खुर्च्यांबद्दल विचारलं ते फक्त खरेदीचं. चित्राला इतिहास असतो आणि खुर्चीला फक्त अवस्था, असं डोक्यात कुठेतरी बसलेलं आहे. चित्राच्या मागची धुळकट चिठ्ठी कोणी पुसत नाही. चंडीगढच्या खुर्च्यांचं हेच झालं. वास्तुकार पिएर जानरे आणि सहकाऱ्यांनी आखलेल्या सागवानी, वेताच्या त्या सरकारी खुर्च्या भंगारात निघाल्या, युरोपातल्या दुकानदारांनी उचलल्या, आणि पहिल्या लाटेत कित्येक घासूनपुसून, नव्या वेताने विणून चकचकीत केल्या गेल्या. 2011 मध्ये गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीला बंदी घातली. आज तिथल्या खुर्चीच्या पाठीवर खात्याची रंगवलेली अक्षरं शिल्लक असतील तर तीच आधी बघतात.

आणि लाल ठिपका सगळ्यांसमोर दाखवायला नको होता. त्यानंतरचं प्रत्येक बोलणं त्या ठिपक्याभोवती फिरलं, माझंसुद्धा. आता मी खिडकी वर्कशॉपमध्ये उघडते आणि घरच्यांना आधी थर लिहून देते, फोटो नंतर. दुकानदाराचा सल्ला वाईट नव्हता, हेही नोंदवायला हवं. तो विक्रीचा सल्ला होता. मी तो जतनाचा सल्ला असल्यासारखा ऐकला.

एक गोष्ट अजून पक्की ठरलेली नाही माझी. पहिलीचा खरेदीदार कधीतरी पांढरा उतरवेल. त्याची खुर्ची, त्याचा हक्क. मी अहवालात ‘घरगुती रंग हा मालकीच्या इतिहासाचा भाग’ असं लिहिलं आहे, पण अहवाल वस्तूला बांधलेला नसतो. बैठकीखाली एक छोटी चिठ्ठी चिकटवावी का, यावर आम्ही अर्धा तास घालवला आणि नको म्हटलं. आज कदाचित हो म्हटलं असतं.

दुसरी खुर्ची काकूंकडे आहे. जोडीला त्यांनी घडीची एक खुर्ची आणली, कारण बसायला दोन लागतात. गेल्या गणपतीत थोरलीने फोन केला, जरा या म्हणाली. पितळी मूर्ती त्याच बैठकीवर होती, मागचे पाय शेंदरी, पुढचे पांढरे, आणि खरं सांगायचं तर गणपतीखाली ते काही विचित्र दिसत नव्हते. निरांजनाखाली स्टीलची ताटली ठेवा, असं मी काकूंना बजावलं होतं. ठेवली होती. जुन्या वर्तुळापेक्षा बोटभर लहान, आणि बरोबर मधोमध.